काजूच्या टरफलातला एवढासा रेणू टी-पेशीला दिसतो तरी कसा?

जीवशास्त्राच्या बाई, वेंगुर्ला

मी वेंगुर्ला तालुक्यातील एका कनिष्ठ महाविद्यालयात बारावीला जीवशास्त्र शिकवते. प्रश्न वर्गात निघाला असला तरी त्याचे मूळ आमच्या मागच्या पडवीत आहे. शिमग्याच्या आधी ओल्या काजूंचा हंगाम सुरू झाला की सासूबाई बिया चिरून गर काढायला बसतात. गर शेकड्यावर विकले जातात, आणि चिरण्यापूर्वी हाताला खोबरेल तेल चोपडून वर राख फासायची ही आमच्याकडची जुनी रीत आहे. चाळीस वर्षे त्यांना काही झाले नाही. झालेच तर चिकाने बोटांची कातडी काळी पडून सोलली जायची आणि आठवड्याभरात हात पूर्ववत होत. दोन वर्षांपूर्वी मात्र बोटांच्या बेचक्यांत आणि मनगटांवर पाण्याने भरलेले बारीक फोड उठले, खाजेने रात्रभर झोप लागेना, आणि जिथे चीक लागल्याचे आठवत नव्हते त्या पापण्याही सुजल्या. यंदा त्यांनी काजूला हात लावला नाही, तर मे महिन्यात हापूसच्या देठाचा चीक लागून पुन्हा तेच झाले. डॉक्टरांनी सांगितले की ही टी-पेशींची, म्हणजे प्रतिकाराचे काम करणाऱ्या एका जातीच्या पांढऱ्या पेशींची, ॲलर्जी आहे, प्रतिपिंडांची (बी-पेशींनी घडवलेल्या, परक्या द्रव्याला पकडणाऱ्या प्रथिनांची) नव्हे.

माझी अडचण इथून सुरू होते. मी दरवर्षी असे शिकवते की बी-पेशीच्या पटलावरील ग्राही, म्हणजे बाहेरचा रेणू पकडणारे प्रथिन, प्रतिजनाला (प्रतिकार जागा करणाऱ्या द्रव्याला) आहे त्या आकारात थेट पकडतो. टी-पेशीच्या ग्राहीला मात्र प्रथिनाचा छोटा तुकडा, म्हणजे पेप्टाइड, आणि तोही दुसऱ्या पेशीने एमएचसी या आपल्या पटलावरील रेणूच्या खोबणीत धरून दाखवला तरच कळतो. त्याच धड्यात आपण असेही सांगतो की फार लहान रेणू स्वतःहून प्रतिजन होऊ शकत नाहीत. काजूच्या टरफलातील ॲनाकार्डिक आम्ल आणि कार्डोल ही प्रथिने नव्हेत, आणि त्यांचा रेणुभार तीनशे-साडेतीनशे डाल्टनच्या घरात, म्हणजे जेमतेम तीन अमिनो आम्लांच्या साखळीएवढा आहे. मग पेशी कापणार काय आणि खोबणीत धरणार काय? ज्याच्या घरी काजूचा कारखाना आहे अशा एका विद्यार्थ्याने नेमके हेच विचारले, आणि मी ‘उद्या सांगते’ म्हणून वेळ मारून नेली. त्याला आता आठवडा उलटला.

काजू आणि आंबा यांत टी-पेशीला एकच वस्तू कशी दिसते, आणि फोड यायला दोन दिवस का लागतात, हेही कोणी उलगडून सांगितले तर बरे होईल. पुस्तकातील आकृती मला पाठ आहे. त्या आकृतीतील बाणांच्या मागे काय चालते ते मला समजून घ्यायचे आहे.

निवृत्त प्राध्यापक, रत्नागिरी

बाई, गोंधळाचे मूळ ‘ओळखणे’ या एका क्रियापदात आहे, असे मला पस्तीस वर्षे शिकवल्यानंतर वाटते. बी-पेशीही ओळखते, टी-पेशीही ओळखते आणि जंतू गिळणारा मॅक्रोफेजही ओळखतो, असे आपण एका दमात सांगतो. प्रत्यक्षात या तीन क्रियांत माणूस समोर पाहणे, त्याचे आधारकार्ड तपासणे आणि रात्री अंगणात पावले वाजली म्हणून दिवा लावणे यांइतके अंतर आहे.

आपल्याकडचेच उदाहरण घेतो. जांभ्याच्या कातळावर फिरणाऱ्या माणसाला फुरसे म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. फुरसे, घोणस, नाग आणि मण्यार या चारांच्या विषावर चालणारे प्रतिविष आपल्या देशात घोड्यांना विषाच्या वाढत्या मात्रा टोचून, त्यांच्या रक्तद्रवातील प्रतिपिंडांपासून तयार करतात. मुंबईच्या हाफकिनचे नाव याच कामामुळे घरोघरी माहीत आहे. ही प्रतिपिंडे रुग्णाच्या रक्तात तरंगणाऱ्या विषप्रथिनाला त्याच्या घडी पडलेल्या, अखंड आकारात पकडतात. त्यासाठी त्यांना कोणत्याही पेशीची मध्यस्थी लागत नाही. बी-पेशीच्या पटलावरील ग्राही म्हणजे हेच प्रतिपिंड होय. फरक इतकाच की त्याला पटलात रुतणारे शेपूट असते, आणि एका बी-पेशीवर असे एकाच साच्याचे सुमारे एक लाख ग्राही असतात.

आता घोड्याच्या शरीरात आणखी काय घडते ते पाहा, कारण पुस्तके इथे फार घाईने पुढे जातात. विष ग्राहीला चिकटले की बी-पेशी ग्राहीसकट ते आत ओढून घेते, आम्लधर्मी पुटिकांमध्ये त्याचे तुकडे करते, आणि त्यांतील काही तुकडे एमएचसीच्या दुसऱ्या वर्गाच्या रेणूत बसवून पुन्हा पटलावर आणून ठेवते. साहाय्यक टी-पेशी येते ती हा तुकडा पाहायला. तो जुळला तरच ती बी-पेशीला वाढीचा आणि अधिक चिवट प्रतिपिंडे घडवण्याचा कौल देते. म्हणजे बी-पेशी विष एका रूपात पकडते आणि दुसऱ्याच रूपात दाखवते. ज्या टी-पेशीच्या संमतीशिवाय चांगले प्रतिविष तयार होणार नाही, तिच्या ग्राहीचा अखंड विषाशी जन्मात एकदाही संबंध येत नाही.

एवढा द्राविडी प्राणायाम निसर्गाने कशासाठी केला असावा? विषाणू एकदा पेशीत शिरला की प्रतिपिंडांना तो दिसत नाही, हे त्याचे उत्तर. आत काय शिजते आहे ते बाहेरून कळावे, म्हणून जवळपास प्रत्येक केंद्रकयुक्त पेशी आपल्या आतील प्रथिनांचे नमुने पहिल्या वर्गाच्या एमएचसी रेणूंत मांडून सतत पटलावर ठेवत असते. प्रोटिअझोम प्रथिने कापतो, टॅप नावाचे वाहक प्रथिन तुकडे आंतर्द्रव्यजालिकेत सोडते, आणि तिथे आठ ते दहा अमिनो आम्लांचा जो तुकडा खोबणीत नीट बसेल तो वर जातो. दुसऱ्या वर्गाची खोबणी दोन्ही टोकांना उघडी असते, त्यामुळे तिच्यात तेरा ते पंचवीस अमिनो आम्लांचे तुकडेही मावतात. लाल रक्तपेशीला केंद्रक नाही आणि तिच्यावर हे रेणू जवळजवळ नसतातच, म्हणून हिवतापाचा परजीवी तिच्यात लपला की त्याचा शोध या वाटेने लागत नाही.

टी-पेशीला तुकडा आणि आपलाच एमएचसी रेणू हे दोन्ही एकत्र लागतात, हे १९७४ साली कॅनबेरा येथे पीटर डोहर्टी आणि रॉल्फ झिंकरनागेल यांनी उंदरांवरील प्रयोगांतून दाखवले. त्यांना १९९६ साली नोबेल मिळाले. तरीही हे दोन एकत्र कसे, हे तेरा वर्षे कोणाला नक्की सांगता येत नव्हते. १९८७ साली पामेला ब्योर्कमन, जॅक स्ट्रॉमिंजर आणि डॉन वायली यांच्या गटाने एचएलए-ए२ या मानवी एमएचसी रेणूची स्फटिकरचना प्रसिद्ध केली, तेव्हा वरच्या बाजूला एक खोबणी दिसली आणि त्या खोबणीत कशाचा म्हणून हिशेब लागत नाही असे काहीतरी अडकलेले दिसले. ते पेप्टाइडांचे मिश्रण होते. पुराव्यात ‘कचरा’ म्हणून जे दिसले तेच उत्तर निघाले, आणि मला ही आकृती वर्गात दाखवताना अजून आनंद होतो.

लहान रेणूंचा भाग कार्ल लँडस्टायनर यांनी त्याआधीच हाताळला होता. रक्तगटांसाठी आपण त्यांचे नाव घेतो, पण हॅप्टेन हा शब्दही त्यांचाच. हॅप्टेन म्हणजे एकटा असताना प्रतिकार जागा न करणारा, पण मोठ्या प्रथिनाला जोडला की करणारा लहान रेणू. आपल्या उपकेंद्रात बाळांना जी पेंटाव्हॅलेंट लस देतात, तिच्यातील हिब या घटकाचे तत्त्व याच जातीचे आहे. हिब जिवाणूच्या आवरणातील शर्करा एमएचसीच्या खोबणीत बसत नाही, त्यामुळे नुसत्या शर्करेला टी-पेशींची मदत मिळत नाही, आणि तान्ह्या बाळात तर तिचा काहीच उपयोग होत नाही. म्हणून ती शर्करा एका प्रथिनाला जोडतात. बी-पेशी शर्करा पाहून सगळे गिळते, प्रथिनाचा तुकडा दाखवते, आणि टी-पेशी तो पाहून शर्करेविरुद्धच्या प्रतिपिंडांना पाठबळ देते.

काजूचे द्रव्य हे हॅप्टेन आहे, इथपर्यंत मी आणून सोडतो. त्वचेत पुढे काय होते ते तिथे रोज पाहणाऱ्याने सांगावे.

त्वचारोगतज्ज्ञ, कणकवली

सरांनी मला पाचारण केलेच आहे, तर आधी एक भेद स्पष्ट करतो, कारण दवाखान्यात येणारे निम्मे लोक, आणि क्वचित डॉक्टरही, यात गल्लत करतात. काजूचा चीक लागून काही तासांत जळजळ होते, कातडी काळी पडते आणि नेमकी जिथे चीक लागला तिथेच सोलली जाते, ही ॲलर्जी नव्हे. ती रासायनिक भाजणी आहे. ती पहिल्याच वेळी होते आणि पुरेसा चीक लागला तर कोणालाही होते. बाईंच्या सासूबाईंना चाळीस वर्षे जे होत होते ते हे. ॲलर्जीच्या फोडांना चोवीस ते बहात्तर तास लागतात, खाज हे त्यांचे मुख्य लक्षण असते, आणि चिकाचा अंश पुरतो. पापण्या सुजतात त्या नकळत डोळ्यांकडे गेलेल्या बोटांमुळे. तिथली कातडी सगळ्यांत पातळ असल्याने, हाताच्या राठ तळव्यावर जो अंश काही करत नाही तो पापणीवर पुरून उरतो.

त्वचेच्या आत घडते ते असे. साधारणपणे पाचशे डाल्टनहून लहान आणि तेलकट रेणू त्वचेचा वरचा थर सहज ओलांडतात, आणि या कुळातील रेणू दोन्ही अटी पुऱ्या करतात. यांचा सर्वांत अभ्यासलेला भाऊबंद म्हणजे अमेरिकेतील पॉयझन आयव्ही या वेलीतील उरुशिऑल. त्वचेत त्याचे ऑक्सिडीकरण होऊन क्विनोन बनते, आणि क्विनोन प्रथिनांतील सिस्टीनसारख्या अमिनो आम्लांना घट्ट चिकटते. म्हणजे आपलेच प्रथिन, पण त्याला ठिगळ लागलेले. हे ठिगळ लावलेले प्रथिन बाह्यत्वचेतील लँगरहान्स पेशी आणि तिच्याखालच्या थरातील डेंड्रायटिक पेशी नेहमीच्या रीतीने कापतात आणि ठिगळासकट तुकडा खोबणीत ठेवतात. पाउल लँगरहान्स यांनी १८६८ साली, विद्यार्थी असताना, या फांद्या फुटलेल्या पेशी पाहिल्या आणि त्यांना मज्जातंतूंशी संबंधित मानले. डेंड्रायटिक पेशींचे काम कळायला राल्फ स्टाइनमन यांचे १९७३ पासूनचे संशोधन यावे लागले. स्टाइनमन यांना २०११ साली नोबेल जाहीर झाले तेव्हा ते तीन दिवसांपूर्वीच वारले होते आणि निवड समितीला त्याची कल्पना नव्हती. पुरस्कार तसाच ठेवण्यात आला.

दोन दिवसांच्या प्रश्नाचे उत्तर दोन टप्प्यांत आहे. पहिल्यांदा संवेदन घडते, म्हणजे शरीर त्या द्रव्याला ओळखू लागते, तेव्हा तुकडा मांडणारी डेंड्रायटिक पेशी त्वचा सोडून लसिकावाहिनीतून जवळच्या लसिकागाठीत, म्हणजे हाताच्या बाबतीत काखेत, जाते. तिथे तिच्यापुढून तासाला शेकडो टी-पेशी सरकतात. एखाद्या ठरावीक तुकड्याला जुळणारा ग्राही असलेली कोरी टी-पेशी लाखांत एखादी असल्याने ती सापडणे, तिच्या विभाजनातून फौज तयार होणे आणि त्यांतील काही स्मृतिपेशी म्हणून त्वचेत राहणे याला दहा ते चौदा दिवस जातात. या काळात वरून काहीही दिसत नाही. पुढच्या वेळी चीक लागतो तेव्हा शोधाचे काम आधीच झालेले असते, पण तुकडे कापून मांडणे, स्मृतिपेशींनी ते पाहणे, त्यांनी रासायनिक संदेश सोडणे आणि रक्तातून आणखी पेशी येऊन सूज धरणे याला तरीही एक-दोन दिवस लागतात. क्षयाची मांटू चाचणी आपण ४८ ते ७२ तासांनी वाचतो ती याच हिशेबाने. संशयित द्रव्याची पट्टी पाठीवर लावून केलेली पॅच चाचणीही ४८ तासांनी काढून पाहतात आणि एक-दोन दिवसांनी पुन्हा वाचतात.

ही सगळी कथा प्रतिपिंडांची नव्हे, याचा पुरावाही लँडस्टायनर यांनीच दिला. १९४२ साली त्यांनी आणि मेरिल चेस यांनी संवेदनशील गिनीपिगमधील पेशी दुसऱ्या गिनीपिगला दिल्या तेव्हा संवेदनशीलता त्याच्यात उतरली. नुसत्या रक्तद्रवाने ती उतरत नव्हती.

आंब्याबद्दल सांगायचे तर काजू, आंबा आणि बिब्बा ही तिन्ही एकाच कुळातील झाडे. हापूसच्या देठाशी आणि सालीत असलेली द्रव्ये काजूच्या कार्डोलसारखीच: हायड्रॉक्सिल गट लागलेले एक कडे आणि पंधरा-सतरा कार्बनची लांब शेपटी. टी-पेशीला झाडाचे नाव कळत नाही, ठिगळ कळते. गराची चिंता नको. साल दुसऱ्याने काढावी, फळ आणि हात धुवावेत, आणि मगच सासूबाईंनी आंबा खावा.

जीवशास्त्राच्या बाई, वेंगुर्ला

सर आणि डॉक्टरसाहेब, दोघांचेही मनापासून आभार. ‘टी-पेशीला ठिगळ कळते’ हे वाक्य मी तसेच उचलणार आहे.

तरीही दोन ठिकाणी अडते. खोबणीत आधीच पेप्टाइड दाटीवाटीने बसते, तर ठिगळ लागलेला तुकडा त्यात मावतो कसा? आणि दुसरे, जे मला जास्त छळते आहे: आपल्या त्वचेला दिवसभर शेकडो लहान रेणू लागतात, त्यांतील काही प्रथिनांना चिकटतही असतील, मग काजूच्याच चिकाने लँगरहान्स पेशी का उठून चालू लागते? सासूबाई हाताला खोबरेल तेलही चाळीस वर्षे लावत आल्या आहेत; त्याची ॲलर्जी त्यांना का झाली नाही?

दापोलीकर (सध्या पुण्यात, प्रयोगशाळेत)

मी मूळचा दापोलीचा, काम टी-पेशींवरच करतो, म्हणून दोन शब्द.

पहिल्या प्रश्नाबद्दल. पेप्टाइड खोबणीत बसते तेव्हा त्याची काही अमिनो आम्ले खाली तोंड करून खाचांत रुतलेली असतात आणि मधली काही वर, टी-पेशीच्या दिशेने असतात. ठिगळ खालच्या बाजूच्या आम्लाला लागले तर तुकडा खोबणीत बसतच नाही. वरच्या बाजूला लागले तर ते छतावरच्या कौलासारखे बाहेर राहते आणि ग्राहीला पहिल्यांदा तेच भेटते. ट्रायनायट्रोफेनिल या प्रयोगशाळेतील आवडत्या हॅप्टेनवर केलेल्या कामात तर अशा टी-पेशी सापडल्या की ज्यांना खालचे पेप्टाइड कोणते याच्याशी फारसे देणेघेणे नव्हते, वरचे ठिगळ जागेवर असले की पुरे. शिवाय हे रेणू तेलकट असल्याने पेशीच्या आतही शिरतात आणि आतील प्रथिनांनाही ठिगळे लावतात. त्यामुळे तुकडे दोन्ही वर्गांच्या एमएचसीवर येतात, आणि सीडी४ (साहाय्यक) व सीडी८ (मारक) अशा दोन्ही जातींच्या टी-पेशी या भांडणात उतरतात.

मात्र ठिगळ ही एकमेव वाट नाही, आणि इथे वरच्या दोन्ही उत्तरांना थोडी पुस्ती जोडतो. एमएचसीसारखाच दिसणारा, पण पेप्टाइडऐवजी मेद धरणारा सीडी१ नावाचा रेणूंचा एक गट आहे. क्षयाच्या जिवाणूच्या मेणचट आवरणातील मायकोलिक आम्ल टी-पेशींना या वाटेने दाखवले जाते, हे १९९४ साली कळले. या गटातील सीडी१ए हा लँगरहान्स पेशींवर भरपूर असतो, आणि २०१६ साली असे दाखवण्यात आले की उरुशिऑल कोणत्याही प्रथिनाला न चिकटता, आपली लांब शेपटी सीडी१एच्या तेलकट खोबणीत खुपसून, थेट टी-पेशींपुढे मांडले जाऊ शकते. साध्या उंदरांत सीडी१ए नसतोच, त्यामुळे वर्षानुवर्षे उंदरांवर पाहून हे लक्षात येणे शक्य नव्हते. मानवी सीडी१एचे जनुक घातलेले उंदीर वापरावे लागले. म्हणून ‘टी-पेशीला फक्त पेप्टाइड दिसते’ हे वाक्य बारावीपुरते ठीक आहे, पण त्यातला ‘फक्त’ मी काढीन.

आता खोबरेल तेलाचा प्रश्न, जो मला या धाग्यातील सर्वांत मोलाचा वाटतो. नुसता तुकडा दाखवल्याने कोरी टी-पेशी कामाला लागत नाही. दाखवणाऱ्या पेशीच्या पटलावर सीडी८० आणि सीडी८६ हे आणखी दोन रेणू असावे लागतात आणि ते टी-पेशीच्या सीडी२८ला भिडावे लागतात. हा दुसरा इशारा मिळाला नाही तर टी-पेशी पेटत नाही. उलट तिला मरगळ येते आणि ती पुढेही गप्प राहते. डेंड्रायटिक पेशी हे रेणू वाढवते ते तिला धोक्याची जाणीव झाल्यावरच, आणि ती जाणीव देणारे ग्राही अगदी वेगळ्या जातीचे असतात. सरांनी वर रात्री अंगणात वाजणाऱ्या पावलांचा दाखला दिला तो यांना लागू पडतो. टोल-सदृश ग्राही (टीएलआर) हे त्यांतील प्रसिद्ध कुटुंब. बी आणि टी-पेशींचे ग्राही प्रत्येक पेशीगणिक जनुकांचे तुकडे नव्याने जुळवून घडतात. हे मात्र पिढीजात, ठरलेले असतात आणि मुख्यतः सूक्ष्मजीवांच्या ठरावीक खुणा ओळखतात. टीएलआर-४ हा अनेक जिवाणूंच्या बाह्यपटलातील लिपोपॉलिसॅकराइड, म्हणजे मेद आणि शर्करा जोडलेला रेणू, ओळखतो. भातलावणीच्या दिवसांत आपल्याकडे ज्याची धास्ती असते त्या लेप्टोच्या जिवाणूचे लिपोपॉलिसॅकराइड मात्र इतके आडवळणाचे आहे की माणसात ते टीएलआर-४ला चुकवते आणि टीएलआर-२कडून ओळखले जाते.

काजूच्या चिकात जिवाणू नाही, मग घंटा कोण वाजवतो? डॉक्टरांनी ज्याला भाजणी म्हटले तीच. जळलेल्या त्वचापेशींतून जी द्रव्ये बाहेर पडतात आणि त्या जे संदेश सोडतात, त्यांनीच डेंड्रायटिक पेशी जागी होते. म्हणून भाजणी आणि ॲलर्जी हे निदानात दोन वेगळे आजार असले तरी पेशींच्या हिशेबात पहिली ही दुसरीची वाट तयार करते. सासूबाईंच्या हातावर ठिगळ आणि घंटा दोन्ही एकाच चिकातून येत होते. खोबरेल तेलाकडे दोन्ही नाही: ते प्रथिनांना जखडून बसत नाही आणि त्वचेला दुखवत नाही. निकेलची गोष्ट तर याहून गमतीची आहे. खोट्या दागिन्यांतील हा धातू माणसाच्या टीएलआर-४ला स्वतःच चिकटतो आणि घंटा स्वतःच वाजवतो, म्हणून कानातल्यांची ॲलर्जी इतकी सर्रास दिसते.

कोणी विद्यार्थी असेही विचारील की आपल्याच प्रथिनांचे तुकडे दिवसरात्र पटलावर मांडलेले असताना आपण स्वतःवरच का उलटत नाही. छातीतील थायमस ग्रंथीत अशा बहुतेक टी-पेशी लहानपणीच बाद होतात, आणि निसटलेल्यांना नियामक टी-पेशी आवरतात. २०२५चे वैद्यकाचे नोबेल मेरी ब्रंकाव, फ्रेड रॅम्सडेल आणि शिमोन साकागुची यांना याच दुसऱ्या भागासाठी मिळाले. पण तो स्वतंत्र धाग्याचा विषय आहे.

काजू प्रक्रिया, मालवण

मी या विषयातला नव्हे, काजूचा छोटा कारखाना चालवतो. आमच्याकडे बिया वाफवून मग कटिंग होते, आणि हातमोजे दिले तरी उकाड्यात बायका ते काढून ठेवतात, ही वस्तुस्थिती आहे. डॉक्टरसाहेबांना विचारायचे ते असे: कटिंगवरच्या एका बाईंचे हात गेल्या हंगामापासून असेच उठतात, पण त्या भाजलेला काजू रोज खातात आणि त्यांना काही होत नाही. उलट मला कोळंबी खाल्ली की पाव तासात अंगभर गांधी उठतात आणि ओठ सुजतात. हे दोन्ही एकच आहे काय?

त्वचारोगतज्ज्ञ, कणकवली

एकच नव्हे. त्या बाईंना त्रास देणारे तेल टरफलात असते. नीट प्रक्रिया होऊन सोललेल्या गरात ते उरत नाही, म्हणून त्या तो खाऊ शकतात. कच्ची बी फोडून चिकासकट खाल्ली तर मात्र तोंडाभोवती उठेल. काजूगराच्या प्रथिनांची वेगळी, तत्काळ उठणारी आणि कधी जिवावर बेतणारी ॲलर्जीही काही जणांना असते, तिची या बाईंच्या त्रासाशी गल्लत करू नये. हातमोजे उकाड्याने निघतात हे खरे आहे, पण आत पातळ सुती मोजा घातला तर घाम कमी साचतो. त्या बाईंना कटिंगवरून प्रतवारीच्या कामावर हलवता आले तर सगळ्यांत चांगले, कारण एकदा तयार झालेल्या स्मृतिपेशी वर्षानुवर्षे टिकतात आणि त्यांना घालवणारे औषध माझ्याकडे नाही.

आपली कोळंबी हा पाव तासाचा खेळ आहे आणि तो प्रतिपिंडांचा आहे. पूर्वी कधीतरी आपल्या शरीरात कोळंबीच्या ट्रोपोमायोसिन या स्नायूतील प्रथिनाविरुद्ध आयजीई जातीची प्रतिपिंडे बनली असावीत. ती त्वचेतील मास्ट पेशींच्या पटलावर, त्यांच्यासाठीच असलेल्या ग्राहींत, आधीच खोचून तयार बसतात. प्रथिन आले, शेजारशेजारच्या दोन प्रतिपिंडांना एकदम भिडले, की पेशी हिस्टामिनच्या कुप्या रिकाम्या करते. कापणे नाही, मांडणे नाही, गाठीपर्यंतचा प्रवास नाही, म्हणून उशीरही नाही. मांडणीचे काम पूर्वी एकदा, ती प्रतिपिंडे बनताना, होऊन गेलेले असते.

ट्रोपोमायोसिन उष्णतेला दाद देत नाही, त्यामुळे कोळंबी नीट शिजवली किंवा वाळवून सोडे केले तरी त्याने फरक पडत नाही. ओठ सुजतात असे आपण लिहिले आहे. पुढच्या वेळी घसा आवळल्यासारखा वाटला किंवा आवाज बसला तर घरी गोळी घेऊन वाट न पाहता सरळ जवळचे ग्रामीण रुग्णालय गाठावे, आणि तोवर सोड्यांचे कालवण घरच्यांसाठी वेगळ्या भांड्यात करायला सांगावे.